वालधुनीकाठची मुळे

दिवाळी चार दिवसांवर आली, की घरोघरी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. परात, घंगाळ, समया, अभ्यंगस्नानाचा बंब अशी सारी मंडळी अंगणात मांडली जातात आणि चिंचेचा कोळ व मीठ यांनी घासून लखलखीत होतात. चिंच लावताच तांब्याचा काळेपणा कसा उतरतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हेही आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. धातू दिसायला कितीही टणक असला, तरी आंबट वस्तूपुढे त्याचे काही चालत नाही. तो थोडा थोडा विरघळतो, अन्नात उतरतो आणि तेथून पोटात जातो. रसायनशास्त्राचे एकही पुस्तक न उघडता घराघरांतून चालत आलेले हे शहाणपण आहे.

हेच शहाणपण आपल्या पायाखालच्या मातीत झाडांची मुळे रात्रंदिवस वापरीत असतात, असे सांगितले तर वाचकांस कदाचित नवल वाटेल. पण ते खरे आहे. मूळ म्हणजे पाणी ओढणारी नुसती नळी नव्हे. ते मातीत आंबट रस सोडते, मातीच्या कणांना चिकटलेला धातू सुटा करते, त्यातला हवा तो घेते आणि पुष्कळदा नको तोही घेते. आजच्या लेखाचा विषय ही मुळेच आहेत, आणि तीही कोठल्या दूरदेशीच्या अरण्यातली नव्हेत. कल्याणपासून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाने आपण निघालो, तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकामागून एक लागतात. त्या गावांच्या नदीकाठची ही मुळे. त्यांची कथा सांगायची म्हणजे आधी नदीची कथा सांगितली पाहिजे.

उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण यांना वळसे घालीत ती वसईच्या खाडीला जाऊन मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर आटतात, परंतु उल्हास बारमाही वाहते, आणि त्याला माणसाचा हातभार आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंध्रा तलावाचे पाणी भिवपुरीच्या वीजघरात चाके फिरवून उल्हासेत उतरते. हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. तेव्हापासून नदीला उन्हाळ्यातही पाणी असते आणि त्या पाण्यावर आज लाखो लोकांची तहान भागते.

उल्हासेची एक धाकटी बहीण आहे, वालधुनी. काकोळे गावाजवळच्या डोंगरांतून ती निघते, अंबरनाथ व उल्हासनगर यांच्या मधून वाहते आणि कल्याणपाशी खाडीला मिळते. आजचा प्रवासी गाडीच्या खिडकीतून तिच्याकडे पाहतो आणि नाकाला रुमाल लावतो. पण या ओढ्याच्या काठी महाराष्ट्रातील एक अत्यंत सुंदर शिवालय उभे आहे, हे त्याने विसरू नये. अंबरनाथच्या त्या मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ कोरलेला आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या वेळी काम सुरू झाले आणि मुम्मुणीच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे देव जमिनीच्या पोटात आहे. ज्यांनी ही जागा निवडली, त्यांनी पाण्याचा काठ पाहूनच निवडली असणार. वाहत्या, निर्मळ पाण्यावाचून शिवाचा अभिषेक कसा व्हावा?

त्यानंतर आठशे वर्षे हा मुलूख भाताचा, आंब्यांचा आणि गवताचा होता. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले, असे लोक सांगतात. १८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि दोनच वर्षांत ती कर्जतच्या बाजूला पळसदरीपर्यंत पोचली. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे, म्हणून जी. आय. पी. रेल्वेने काकोळ्यास वालधुनीच्या उगमाशी बंधारा घातला. लोक आजही त्याला 'जी. आय. पी. टँक' म्हणतात. त्या काळी वालधुनीचे पाणी इंजिनाच्या बाष्पकात चालत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण रेल्वे इंजिनांच्या बाबतीत भारी चोखंदळ असे.

१९२० नंतरच्या दशकात अंबरनाथला काड्यापेटीचा मोठा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या पूर्वेस लष्कराचा अफाट तळ पडला. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि फाळणीच्या वणव्यातून होरपळून निघालेले सुमारे एक लाख सिंधी बांधव त्या रिकाम्या बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. घरदार सिंधूकाठी टाकून आलेल्या माणसांना एका नव्या नदीचे नाव मिळाले! आजही तेथील पत्त्यांत 'कॅम्प नंबर एक' ते 'पाच' हे शब्द आहेत. या माणसांनी कोणापुढे हात पसरला नाही. पापड लाटले, गोळ्या-बिस्किटे विकली, यंत्रे मांडली आणि पुढे तर जीन्सच्या विजारी शिवून देशभर पाठविल्या.

त्याच सुमारास शहाडला आणि मोहने-आंबिवलीला रेयॉनचे प्रचंड कारखाने उभे राहिले. अंबरनाथला सरकारी शस्त्रास्त्र कारखाना आला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली या पट्ट्यात औद्योगिक वसाहती वाढल्या. औषधे, रंग, रसायने, धातूंना मुलामा देण्याची कामे असे शेकडो उद्योग तेथे आले. घाटावरून, कोकणातून आणि परप्रांतांतून आलेल्या हजारो कुटुंबांच्या चुली या कारखान्यांवर पेटल्या, मुले शिकली, चाळीतली माणसे बंद दाराच्या घरांत राहायला गेली. त्या चिमण्यांविषयी बोलताना हे ऋण विसरणे हा कृतघ्नपणा होईल.

पण प्रत्येक चुलीची राख असते. रेयॉनचा धागा काढताना लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात विरघळवितात आणि मग तो आम्लाच्या स्नानातून ओढतात. त्या स्नानात जस्ताचे क्षार असतात. कॉस्टिक सोडा तयार करण्याची जुनी रीत म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडणे, आणि त्यासाठी पाऱ्याचे घट वापरीत. लोखंडाला चकचकीत मुलामा द्यायला क्रोमियम व निकेल लागते. काही रंगांत व विद्युत्‌घटांत शिसे आणि कॅडमियम असते. या धातूंतला जो अंश मालात जात नाही, तो सांडपाण्यात जातो, आणि सांडपाणी उताराने जाते. उतार कोठे आहे, हे सांगायला भूगोलाचा मास्तर कशाला हवा? तो वालधुनीकडे आणि उल्हासेकडेच आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. घरातला केरकचरा कुजतो, मैलापाणी जंतूंच्या मदतीने काही काळाने निवळते, तेलही कालांतराने विघटित होते. धातूचे तसे नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते जाळा, पुरा, बुडवा, ते शिसेच राहणार. त्याचे रूप पालटेल, जागा पालटेल, पण ते नाहीसे होणार नाही. नदीच्या तळाच्या गाळात ते जाऊन बसते आणि वाट पाहते. ही वाट ज्यांची पाहिली जाते, ती म्हणजे आपली मुळे.

आता मूळ करते काय, ते पाहू. मुळाच्या टोकामागे दृष्टीला जेमतेम दिसतील असे बारीक रोम असतात. ते मातीच्या कणांमध्ये शिरतात आणि आंबट रस पाझरतात. आपली चिंच घंगाळावर जे काम करते, तेच हे रस मातीवर करतात. गवताच्या कुळातील झाडे, म्हणजे भात, गहू, ज्वारी, याहून हुशार. ती लोखंडाला मिठी मारून आणणारे एक खास द्रव्य मातीत सोडतात, आणि लोखंडासह ते परत आत घेतात. झाडाला लोखंड हवे, जस्त हवे, तांबेही चिमूटभर हवे. त्यावाचून पान हिरवे राहत नाही.

मुळाच्या पेशींना दारे असतात आणि प्रत्येक दाराला जणू एक कुलूप असते. लोखंडाच्या दाराने लोखंड येते, स्फुरदाच्या दाराने स्फुरद येतो. पण कुलूप कितीही चांगले असले तरी मिळतीजुळती किल्ली चालून जाते, हे आपण शेजारच्या कपाटाच्या बाबतीत पाहिलेले असते. कॅडमियम हे जस्ताच्या व लोखंडाच्या किल्लीने आत येते. आर्सेनिक, म्हणजे आपला जुना सोमल, स्फुरदाचे सोंग घेऊन येतो. क्रोमियमचे विषारी रूप गंधकाच्या दाराने शिरते. झाड बिचारे दार उघडते ते अन्नासाठी, आणि पाहुणा निघतो भलताच.

आत शिरलेल्या पाहुण्याला अडविण्यासाठी आणखी एक तट असतो. मुळाच्या गाभ्याभोवती मेणासारख्या द्रव्याची एक कडी असते. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पेशींच्या फटींतून चोरपावलांनी येणारे पाणी येथे थांबते. पुढे जायचे तर पेशीच्या आतूनच, म्हणजे पहारेकऱ्यासमोरूनच जावे लागते. शिशाचा बहुतेक भाग या तटाबाहेरच, मुळात अडकून राहतो. कॅडमियम मात्र लबाड. ते तट ओलांडते आणि पाण्याबरोबर खोडातून पानापर्यंत चढते. म्हणूनच अशा जमिनीत पालक, माठ, अळू यांसारख्या पालेभाज्यांची चिंता अधिक, आणि भेंडी-टोमॅटोसारख्या फळभाज्यांची त्या मानाने कमी.

पण मूळ नुसते घेत नाही, ते बदलतेही. येथे निसर्गाच्या कारागिरीला हात जोडावेसे वाटतात. १९८५ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी दाखवून दिले, की कॅडमियम आत येताच वनस्पती गंधकयुक्त साखळ्या तयार करते. त्या साखळ्या धातूला जखडतात, आणि मग पेशीतील एका पोकळीत, जणू तळघरात, त्याला कोंडून ठेवतात. क्रोमियमची कथा याहून नवलाची आहे. त्याची दोन रूपे मुख्य आहेत. एक सहाच्या संयुजेचे, अत्यंत विषारी आणि पाण्यात सहज फिरणारे. दुसरे तीनच्या संयुजेचे, पुष्कळच निरुपद्रवी आणि जागच्या जागी बसून राहणारे. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने असे पाहिले, की पहिले रूप दिल्यावर एक पाणवनस्पती आपल्या बारीक मुळांतच त्याचे दुसरे रूप करून टाकते. ही वनस्पती कोणती म्हणाल? जिला आपण शिव्या देतो, जी दर उन्हाळ्यात उल्हासेचे पात्र हिरव्या सतरंजीसारखे झाकून टाकते, ती जलपर्णी!

झाडे धातू ओळखतात, हे माणसाला केव्हापासून ठाऊक आहे? झाडावरून जमिनीच्या पोटातले ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिता' लिहिली. तिच्यात दकार्गल नावाचे प्रकरण आहे. कोणते झाड व कोणते वारूळ कोठे असता किती खोलीवर पाणी लागेल, हे त्याने सांगितले आहे. युरोपात १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅग्रिकोलाच्या खाणविद्येच्या ग्रंथात, धातूच्या शिरेवरील झाडोरा निराळा दिसतो, असे म्हटले आहे. १५८३ मध्ये इटलीच्या चेझाल्पिनो या वनस्पतिज्ञाने टायबर नदीच्या खोऱ्यात काळ्या दगडांवरच उगवणारे एक झुडूप नोंदविले. त्या झुडपाला ते दगडच का आवडतात, याचे उत्तर मिळायला ३६५ वर्षे जावी लागली. १९४८ साली मिंगुझी आणि व्हेर्नानो यांनी त्याची पाने तपासली, तेव्हा वाळलेल्या पानांत शेकडा एकाच्या आसपास निकेल निघाले. इतर झाडांत ते लाखात एखादा भाग सापडते. पुढे न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष सापडला. त्याचा चीक निळा-हिरवा असून वाळविल्यावर त्याचा चौथा हिस्सा निकेलच असतो, असे १९७६ मध्ये जाहीर झाले. आणि २००१ मध्ये एका नेच्याची कीर्ती झाली. तो सोमल खाऊन सुखाने वाढतो. हा नेचा आपल्या सह्याद्रीतही जुन्या भिंतींच्या फटींतून उगवतो. विहिरीच्या कठड्यावर आपण त्याला कितीदा पाहिले असेल, पण त्याच्या पोटातली विद्या कोणाला ठाऊक!

या सर्व ज्ञानाची एक काळी बाजूही आहे. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला खाण होती, खाली भाताची खाचरे होती. खाणीतले कॅडमियम नदीतून खाचरात गेले, खाचरातून मुळात आणि मुळातून दाण्यात. खेड्यातल्या, विशेषतः प्रौढ बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली, की नुसत्या खोकल्यानेही ती मोडत. त्या वेदनांनी त्या ज्या हाका मारीत, त्यांवरून आजाराचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतं, दुखतं', असे पडले. जपान सरकारने १९६८ मध्ये त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. तोवर काही पिढ्या तो भात जेवल्या होत्या. भात दिसायला पांढराशुभ्रच होता आणि चवीलाही गोड लागत होता.

भाताचा विषय निघाला, तर बदलापूरच्या खाचरांकडे पाहणाऱ्याने आणखी एक गुंता लक्षात घ्यावा. खाचरात पाणी साठलेले असले, की मातीत हवा राहत नाही. अशा वेळी सोमल सुटा होतो आणि भाताच्या मुळात शिरतो. पाणी काढून जमीन सुकविली, तर सोमल बसतो, पण कॅडमियम सुटे होते. इकडे आड आणि तिकडे विहीर! यावरही भाताने आपल्या परीने तोड काढली आहे. पानांतून घेतलेली हवा तो पोकळ देठांतून मुळापर्यंत पोचवितो, आणि ती बाहेर झिरपून मुळाभोवती लोखंडाच्या गंजाचा तांबूस लेप बसतो. भाताचे रोप उपटले म्हणजे मुळे तांबूस दिसतात ती यामुळे. हा लेप पुष्कळसा सोमल धरून ठेवतो. पण पुष्कळसा म्हणजे सगळा नव्हे.

आपल्या भागात काय झाले? १९८० च्या सुमारास मुंबईच्या विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी उल्हासेला मिळणाऱ्या काळू नदीच्या औद्योगिक पट्ट्याकडे लक्ष वेधले. पाण्यात आणि काठच्या वनस्पतींत पारा व शिसे आढळले, आणि ते गवत खाणाऱ्या गुरांच्या दुधाचा प्रश्नही त्यातून पुढे आला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हासच्या खाडीतील गाळात पाऱ्याचे थर शोधले. पुढे देशातील कारखान्यांनी पाऱ्याचे घट टाकून देऊन पडद्याची नवी पद्धत स्वीकारली आणि तो ओघ ओसरला. परंतु गाळाची आठवण दांडगी असते. मोहने-आंबिवलीचा रेयॉन कारखाना २००९ मध्ये बंद पडला. कामगार पांगले, भोंगा थांबला, पण तळाशी बसलेले तळाशीच राहिले.

२०१४ च्या नोव्हेंबरात एका पहाटे उल्हासनगरजवळ वालधुनीच्या पात्रात घातक रसायन ओतले गेले आणि त्याच्या वाफेने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागितली होती. २०१५ मध्ये लवादाने प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना कोट्यवधी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतरच्या काळात उल्हासनगरातील जीन्स धुण्या-रंगविण्याची अनेक कामे बंद झाली. कित्येकांचा रोजगार गेला, तोही या हिशेबात धरलाच पाहिजे. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांत सर्वांत अधिक, म्हणजे ५३, एकट्या महाराष्ट्रातले होते, आणि उल्हासेचे नाव त्यांत होते.

हे वाचून एखादा उत्साही वाचक म्हणेल, 'मग सोपेच आहे! जी झाडे धातू शोषतात ती काठाने लावा, आणि नदी स्वच्छ करा.' कल्पना चांगली आहे. चेर्नोबिलच्या अपघातानंतर एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले लावून किरणोत्सारी द्रव्ये शोषून घेण्याचा प्रयोग १९९० नंतरच्या दशकात झाला. आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने, जिची स्थापना १९५८ ची, खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडे रुजविली. कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी निवळण्याची 'फायटोरिड' नावाची पद्धतही तिने तयार केली. पण धातूच्या बाबतीत उत्साहाबरोबर थोडे अंकगणितही हवे. मुलांनो, तुम्हीही पाटी घ्या.

समजा, एक हेक्टर शेत आहे. वरची २० सेंटिमीटर माती धरली, तर तिचे वजन होते सुमारे २,६०० टन. समजा, तिच्या प्रत्येक टनात ५ ग्रॅम कॅडमियम आहे. एकूण झाले १३ किलो. ते टनाला १ ग्रॅमवर आणायचे, म्हणजे १० किलो ४०० ग्रॅम काढले पाहिजे. आता वर्षाला १० टन वाळलेला पाला देणारे एखादे पीक घेतले आणि त्याच्या टनात १० ग्रॅम कॅडमियम चढले, तर वर्षाकाठी निघाले १०० ग्रॅम. मग किती वर्षे लागतील? एकशे चार! आज लावलेल्या पिकाचा निकाल पणतूच्या हाती पडायचा. धातूची खास भूक असलेली झाडे निवडली, टनाला २०० ग्रॅम चढले आणि पाला ५ टन मिळाला, तर वर्षाला एक किलो निघते आणि हेच काम दहा-साडेदहा वर्षांवर येते. तेही कधी? वरून नवे विष येणे पूर्ण थांबले असेल तर! नळ चालू ठेवून लादी पुसणाऱ्याची लादी कधी कोरडी होत नाही.

शिवाय कापलेल्या पाल्याचे करायचे काय? तो कुजला, तर धातू पुन्हा मातीत. जलपर्णीचे हेच संकट आहे. मैलापाण्यातील नत्र आणि स्फुरद खाऊन ती माजते, धातू मुळाशी धरते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी तेथेच सडली, की घेतलेले सर्व परत करते. तिचे खत करावे, असे पुष्कळजण सुचवितात. स्वच्छ तळ्यातल्या जलपर्णीचे अवश्य करावे. पण कारखान्यांच्या खालच्या अंगाची जलपर्णी तपासणीवाचून भाजीच्या वाफ्यात घालणे म्हणजे चोराला मागच्या दाराने पुन्हा घरात घेणे होय. वाळ्याचेही तसेच. वाळ्याची मुळे माणसाहूनही खोल जातात, माती धरून ठेवतात आणि धातू बहुतांशी मुळांतच कोंडतात. दूषित जमीन बांधून ठेवायला त्यासारखा दुसरा शिपाई नाही. मात्र असा वाळा उन्हाळ्यात पाण्याच्या माठात टाकण्यासाठी नव्हे.

रेल्वेच्या रुळांलगत, नाल्याच्या कडेने, पालक, लाल माठ, मुळा आणि अळू यांचे हिरवेगार वाफे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ती भाजी पिकविणारा माणूस पहाटे चारला उठतो, पाठीवर झारी घेतो आणि ज्याला कोणी हात लावणार नाही त्या पाण्यावर आपले पोट भरतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण ते पाणी त्याने घाण केलेले नाही. आणि जी गृहिणी दहा रुपये वाचवून पालकाची जुडी घेते आणि मुलाच्या अंगी रक्त भरावे म्हणून त्याला ती प्रेमाने वाढते, तिचा तरी काय अपराध? भाजी धुतल्याने पानावरची धूळ आणि जंतू जातात. म्हणून धुवावीच, नीट तीन पाण्यांनी धुवावी. पण मुळाने आत नेऊन ठेवलेला धातू धुण्याने निघत नाही. तो निघायचा तर वरच्या अंगालाच, कारखान्याच्या शेवटच्या नळाशी निघाला पाहिजे.

तोवर काही गोष्टी करता येतात. माती आंबट झाली की धातू सुटतात, हे आपण पाहिले. म्हणून अशा जमिनीत चुना आणि कुजलेले शेणखत घातले, तर बहुतेक धातू मातीत जखडून राहतात. शंका असलेल्या जमिनीत पालेभाजी सोडून फुलझाडे करावीत. झेंडूचे तोरण दाराला लागते, ते कोणी खात नाही. गृहिणींनी भाजी रोज एकाच जागेहून न घेता पालटून घ्यावी. आणि पालिकांनी जसे पाणी तपासावे, तशीच नाल्याकाठची माती व भाजीही ठरलेल्या काळाने तपासून तिचे आकडे चावडीवर लावावेत. हा खर्च जिंझूच्या काठी भरावा लागला त्या किमतीपुढे काहीच नाही.

इतिहास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे शिलालेख, ताम्रपट आणि बखरी येतात. अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ चा लेख आहे. तो लिहिणाऱ्याला माहीत होते, की आपण पुढच्यांसाठी लिहीत आहो. त्या मंदिरापासून दगड मारण्याच्या अंतरावर वालधुनीच्या गाळात दुसरा एक लेख उतरत आहे. तो जस्ताच्या, शिशाच्या, क्रोमियमच्या अक्षरांत आहे. आपण तो लिहीत आहो याची आपल्याला शुद्ध नव्हती, म्हणून तो खोटा ठरत नाही. तो वाचणारी मुळे कोणाची भीड धरीत नाहीत. जे मातीत असेल, तेच ती पानापर्यंत पोचवितात, आणि पानावरून ते आपल्या ताटात येते.

पण म्हणूनच धीर धरायलाही जागा आहे. ज्या मुळांनी विष वर आणले, तीच मुळे चांगले पाणी मिळाले तर चांगलेच वर आणतील. त्यांना राग नाही, लोभ नाही. पाऱ्याचे घट गेले आणि खाडीतला ओघ ओसरला, हे आपल्याच काळात घडले आहे. जे एका धातूच्या बाबतीत साधले, ते दुसऱ्यांच्या बाबतीत साधणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. पुढल्या पिढीतल्या एखाद्या मुलाने वालधुनीकाठचे रोप उपटावे, मुळाची माती झटकावी, आणि त्या मातीत त्याला मातीखेरीज दुसरे काही सापडू नये, एवढे काम आपल्या हातून व्हावे. घंगाळ घासायला चिंच पुरते. नदी घासायला मात्र सगळे गाव लागते.